नावाड्याच्या पोराचा आवाज

माझी धाकटी बहीण गेली तेव्हा घरात तिचे फोटो पुष्कळ होते, पण आवाज नव्हता. साध्या तापाचं निमित्त झालं. दवाखान्याच्या धावपळीत तिचा मोबाइल गेला तो गेलाच. आई बाकी सगळं सोसायची, पण एकच धरून बसली होती. "फोटू काय बोलतोय व्हय? मला तिचा आवाज ऐकव."

आवाज होता, माझ्याच लॅपटॉपमध्ये. पण त्याला तिचा म्हणावा की नाही, ते मला कळत नव्हतं.

मी लोहाऱ्यात लग्नांचे व्हिडिओ जुळवून देतो. बहिणीला जपानी कार्टूनचं वेड. कार्टून म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. "ॲनिमे म्हण," म्हणायची, आणि मी मुद्दाम कार्टूनच म्हणायचो. तिची लाडकी मालिका एका पोराची होती. तो धुक्याच्या नदीवर नाव चालवतो आणि काठावर त्याची आई वाट बघत असते. ती मालिका तिनं आमच्या बोलीत करायला घेतली. पोराचा आवाज तीच काढायची. मी हसलो तर म्हणाली, "दादा, जपानात बारक्या पोरांचे आवाज लई करून बायाच काढत्यात. तुला काय म्हाईत."

आवाज घुमू नये म्हणून ती ज्वारीच्या पोत्यांमध्ये बसून, डोक्यावर वाकळ घेऊन बोलायची. बाहेर यायची ती घामानं निथळत. शिस्त मात्र कडक. मध्येच तिचा स्वतःचा आवाज डोकावला, हसू फुटलं, खोकला आला, की लगेच हुकूम सुटायचा, "दादा, हे काढ." मी काढायचो, आणि चोख काढायचो. त्यामुळं शेवटी उरला तो निव्वळ पोरगा. ती गेल्यावर मी सगळ्या फायली उलथ्यापालथ्या केल्या, तिचं साधं हसूसुद्धा सापडलं नाही. आमच्याच घरातून कुणी अनोळखी पोरगा बोलत होता.

शेवटी आईला तेच ऐकवलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. दोन वाक्यं ऐकून म्हणाली, "बंद कर. कुणाचं पोर हाय हे? माझी लेक न्हाय ही." मला रागच आला. बहुतेक बहिणीचाच, काम इतकं छान केल्याबद्दल.

पण काही दिवसांनी आईच म्हणाली, "त्या पोराचं लाव." मग ते रोजचंच झालं. भाकरी करायला बसली की तिला तो पोरगा लागायचा. मला ते सहन व्हायचं नाही. घरात कुणीतरी वावरतंय असं वाटायचं. लावून द्यायचो आणि सरळ बाहेर पडायचो.

एका दुपारी ऊन फार होतं म्हणून थांबलो. पोरानं नावेतून हाक मारली, "आये, आलो गं." यावर त्याची आई उत्तर देते. आईच्या आवाजासाठी बहिणीला कुणी मिळालं नव्हतं, म्हणून तेवढी जागा मी मोकळी सोडली होती. त्या मोकळ्या जागेत आई तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "ये गं बाई, हातपाय धू." पोरगा लगेच म्हणाला, "लई भूक लागलीय." आईनं भाकरी उलटली.

आईची भीती वाटली नाही. क्षणभर मीही दाराकडं पाहिलं होतं, त्याची वाटली.

दुसऱ्या दिवशी तिला म्हणालो, "त्या जागेत तुझाच आवाज भरून घेतो. तिचं काम पुरं होईल."

आईनं हाताचं पीठ झटकलं. "नगं," म्हणाली. "एकदा भरलास, की मग मला कशाला हाक मारंल ती?"