भिंतीपलीकडच्या आजी

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते झालंच नाही, असं धरून चालायची सवय. भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्या मैत्रिणींची मी आजवर यथेच्छ टिंगल केलेली आहे. आता त्यांनी माझी केली तरी हरकत नाही…

आम्ही तोक्योत फुनाबोरीला राहतो – मी, नवरा अनिरुद्ध आणि चौथीतली सई. इथल्या शाळेत मुलं दहा वर्षांची होतात तेव्हा एक छोटा समारंभ असतो. लहानपणीचे फोटो न्यायचे आणि ज्यांनी आपल्याला सांभाळलं त्यांचे सगळ्यांसमोर आभार मानायचे. सईचा जन्म इंग्लंडमधला, ओल्डहॅमजवळच्या एका गिरणीगावातला. अनिरुद्धचं तेव्हा तिथे कॉन्ट्रॅक्ट होतं. म्हणून एका रविवारी दुपारी जुनी हार्ड डिस्क काढून आम्ही तिघं बसलो.

अनिरुद्धला तेव्हा फोटोंचा भारी नाद. गाव बदलत होतं आणि हा ते टिपत हिंडायचा. सुरुवातीच्या फोटोंत गल्लीच्या टोकाला कापडगिरणी आणि तिचं धुरांडं, मग नुसतीच गिरणी, मग कुंपण आणि नव्या फ्लॅट्सची पाटी. गल्लीत लाल विटांची, एकमेकांना चिकटलेली घरं. आमचं ओळीतलं शेवटचं, म्हणजे शेजार एकाच बाजूला. तिघांचा एकत्र फोटो काढायचा नाही, असा सासूबाईंचा पुण्याहून हुकूम होता. त्यामुळे फोटोत नेहमी मी आणि सई, आणि हा कॅमेऱ्यामागे.

त्या फोटोंतली मी मला बघवेना. बाळंतपणानंतर मी ठीक नव्हतेच. आईला व्हिसा वेळेत मिळाला नाही, हा सकाळी गेला की संध्याकाळी उगवायचा, आणि सई दुपारभर रडायची. त्या दिवसांत मला आधार होता तो फक्त शेजारच्या आजींचा. त्यांना मी कधी पाहिलं नाही. पण सईचं रडणं वाढलं की मधल्या भिंतीवर पलीकडून टकटक यायची – सावकाश, दमानं. मीही इकडून टकटक करायचे, आणि सई शांत व्हायची. म्हातारं माणूस असणार, हे माझं मीच ठरवलं होतं.

एकदा मी सईला वरच्या खोलीत रडत ठेवून कोट चढवला. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. परत यायचं नाही, एवढंच ठरलेलं. दाराच्या कडीला हात लावला आणि ती भिंत अशी धडाधड वाजायला लागली की मी घाबरून वर पळाले. सईला उचलून घेतल्यावरच ते थांबलं. दिवाळीत मी आजींच्या मागच्या दाराशी शंकरपाळ्यांचा डबा ठेवून आले. ते हिरवं दार मला आजही स्वच्छ आठवतं.

"मामा, कोरे नानी?" सईनं विचारलं. म्हणजे जपानीत, आई, हे काय आहे? तिचं बोट स्क्रीनवरच्या एका स्टीलच्या डब्यावर होतं.

मागच्या बोळाचा फोटो. आमचं दार, शेजारी दुसऱ्या घराची चौकट, आणि तिच्या पायरीवर आईनं माझं नाव घालून दिलेला डबा. पण चौकटीत दार नव्हतं. ती विटांनी बुजवलेली होती.

मी बाकीचे फोटो झरझर मागे नेले. पुढच्या बाजूनं त्या घराच्या खिडक्यांवर पत्रे ठोकलेले… आम्ही राहायला आलो त्या पहिल्या आठवड्यापासून. दारात गुडघाभर गवत. पाडायच्या घरांना असेच पत्रे ठोकत, निम्मी गल्ली तशीच होती. पण हे घर तसं होतं, हे मला कसं दिसलं नाही?

अनिरुद्धनं तो फोटो बंद केला. मग हळूच म्हणाला, "मृणाल, तू तेव्हा बरी नव्हतीस गं."

पुढचे दिवस मी नुसती येरझारा घालत होते. ऑफिसात एकेक टेस्ट चार-चारदा तपासायचे. वरच्या मजल्यावर काही पडलं की सईला विचारायचे, तुलाही ऐकू आलं ना? आजी नव्हत्याच, तर त्या दिवशी मला दारातून परत कोणी फिरवलं? माझ्याच डोक्यानं, असं म्हणावं तर कोटही त्याच डोक्यानं चढवला होता. मग आता या डोक्यावर भरवसा कसा ठेवायचा… मला खरंच भीती वाटायला लागली.

समारंभाच्या दिवशी सई कागद न बघता बोलली. आई-बाबांचे आभार मानले आणि मग म्हणाली, 'तोनारी नो ओबाआसान'चे, म्हणजे शेजारच्या आजींचेही आभार. त्या कोणाला दिसल्या नाहीत, पण मी रडले की त्या भिंतीपलीकडून यायच्या. कोटाचं सोडून बाकीचं मीच तिला सांगितलं होतं. पालकांनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या. अनिरुद्धचे हात मात्र मांडीवरच राहिले.

"ती टकटक मीही ऐकली आहे," तो म्हणाला.

एकदा मी सईला इंजेक्शनला घेऊन गेले होते, त्याने सांगितलं. त्याला ताप होता, घरात तो एकटाच. शेजारचं घर बंद आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, फोटो त्यानेच काढले होते. मला सांगितलं असतं तर मी तिथे एक दिवसही एकटी राहिले नसते, आणि कॉन्ट्रॅक्ट अजून संपायचं होतं. म्हणून बोलला नाही. मग परवा मला 'बरी नव्हतीस' का म्हणालास, असं मी विचारलं. मला त्याचा इतका राग आला की भर सभागृहात डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी इतकं हलकंही वाटलं, की मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार… मी पण टकटक केली. म्हटलं, दोघी डॉक्टरकडे गेल्यात, येतील इतक्यात."

"आणि?"

"आणि थांबली."

ती ओळ आता पाडली आहे. अनिरुद्धनं नकाशावर शोधलं, तर तिथे पार्किंग आहे. विचारायला कोणी उरलं नाही. स्पष्टीकरण म्हणाल, तर इतके दिवस ते माझ्या एकटीकडे नव्हतं… आता आमच्या दोघांकडे नाही.