कंबर दुखत नव्हती

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण थोरल्या दाजींचं आहे. अक्काशी लग्न झाल्यावर त्यांनी मला अंबडला आपल्या घरी ठेवून शिकवलं, म्हणून आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो. आता जाफराबादला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. ते विज्ञान माझ्या स्वतःच्या किती कामी आलं, ते सांगतो.

चाळिशीनंतर एकदा लिंगाच्या कातडीखाली चिंचोक्याएवढी टणक गाठ हाताला लागली. ताठरता आली की दुखायचं आणि वरच्या बाजूला बाक यायचा. माझ्यातल्या विज्ञान शिक्षकाने ताबडतोब निदान केलं, कॅन्सर. उपचारही ठरवला, कुणाला सांगायचं नाही. बायकोला म्हणालो, कंबर धरलीय, आणि अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं.

थाप फारच चांगली बसली. बायकोने अक्काला फोन केला, आणि रविवारी दाजी तेलाची बाटली घेऊन एसटीने हजर. आमच्यात जावयाला पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागतो. इथे घरचा जावई माझी कंबर रगडत होता आणि मी खोटं कण्हत होतो.

"मास्तर, कंबर तर लोखंडावानी हाय," दाजी म्हणाले. "आठवीत दाढ दुखत होती तवाबी डॉक्टरच्या भेवानं पोट धरून बसल्ता. खरं दुखणं कुठंय?"

दाजींनी आवाज खाली आणला. "तुझी बायको अक्काजवळ रडली. तिला वाटून राह्यलं, तुझं मन दुसरीकडं हाय. पिशवी भरून ठिवलीय तिनं माहेरी जायला. मला सांगू नको, पण दवाखान्यात जा अन् तिला सांग. न्हाईतर मंग बस आयुष्यभर कंबर धरून."

दुसऱ्याच दिवशी जालना गाठलं. मूत्ररोगतज्ज्ञांसमोर बसलो आणि पहिल्यांदा त्यांनाही कंबरच सांगितली. घरी आल्यावर दोन दिवसांनी दाजींना लिहिलं:

"दाजी, तुमच्या घरी फोन कायम स्पीकरवर असतो, म्हणून पत्र. सांगू नको म्हणालात, तरी सांगतो. दुखणं लिंगाचं आहे, पण कॅन्सर नाही. आतल्या आवरणावर व्रण धरलाय, बहुतेक कधीतरी बारीक मार लागून. तेवढा भाग ताणत नाही, म्हणून बाक येतो. दुसऱ्याला लागत नाही. काही महिने कमीजास्त होईल, मग थांबेल. औषधं, इंजेक्शनं आहेत, फारच अडलं तर ऑपरेशन. पूर्ण सरळ होईलच असं नाही.

तिला सांगायला बसलो तर तोंडून वर्गातलंच बोलणं निघालं. 'समज, लांबट फुग्याच्या एका बाजूला चिकटपट्टी लावली आणि फुगवला, तर कुठे वाकेल?' ती म्हणाली, 'पट्टीकडं.' मी सवयीने 'शाब्बास' म्हणालो. मग ती खूप रडली, आणि रडता रडता हसली. 'एवढ्यासाठी मला परकं केलंत होय?'

पिशवी रिकामी झालीय. पुढच्या वेळी ती सोबत येणार आहे. डॉक्टरांना तीच विचारणार, मी मधे बोलायचं नाही, अशी अट आहे. मी कबूल केलंय."