आप्पांनी न पाहिलेली शाळा

नागसेन चंदनशिवे थायलंडहून परत का आला, याची सांगलीच्या विश्रामबागेत बरीच कारणं तयार आहेत. कुणी म्हणतं व्हिसाची भानगड झाली, कुणी म्हणतं तिकडच्या बाईचं काहीतरी प्रकरण आहे. ज्यांची मुलं त्याच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला येतात ते पालक म्हणतात, आपल्या मातीची ओढ, दुसरं काय. त्याला स्वतःला विचारलं तर तो म्हणतो, "हवा मानवली नाही." आटपाडीच्या उन्हात वाढलेल्या माणसाला दुनियेतली कुठली हवा मानवत नाही, हे मला अजून कळायचंय. पण लोक ऐकून घेतात आणि फीचं विचारतात.

मी जयराज, तासगावचा. घरी द्राक्षबाग असून मला इंग्रजी शिकवायची हौस, त्यामुळे आजही एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर लोंबकळतोय. सांगलीत एम.ए.ला असताना नागसेन आणि मी एका खोलीत राहायचो. अंगानं किडकिडीत, एरवी तोंडातून शब्द काढायला महाग. पण इंग्रजीत बोलायला लागला की थांबवणं मुश्कील. आमच्या वर्गात सगळ्यांचं इंग्रजी पुस्तकातलं होतं, त्याचं एकट्याचं तोंडातलं होतं.

त्याचे वडील धनाजी आप्पा गवंडी होते. विश्रामबागेतल्या कितीतरी बंगल्यांच्या भिंती त्यांच्या हातच्या. आमच्या खोलीवर आले की चहा व्हायच्या आधी ते भिंतीवरून तळवा फिरवायचे आणि बांधणाऱ्याला दोन शिव्या हासडायचे. रविवारी मात्र हाच माणूस पांढरा सदरा घालून गावातल्या विहारात वंदना सांगायचा. आवाज असा दणकट, की स्पीकर बंद पडला तरी कुणाच्या लक्षात येत नसे. आटपाडीकडची पोरं गलाईला, म्हणजे सोनं गाळायच्या धंद्याला, पार केरळ-तमिळनाडूपर्यंत जातात. काही फौजेत जातात. मास्तर म्हणून परदेशी निघालेला त्यांच्या गावातला नागसेन पहिलाच. नेमणूक झाली त्या दिवशी आप्पांनी पेढे वाटले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "गड्या, मला विमान-बिमान कायबी नगं. बुद्धाचा देश कसा असतो आन माझं पोरगं तिथं कसं शिकवतंय, तेवढं एकदा डोळ्यानं बघायचं हाय." आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधलेल्या माणसानं स्वतःसाठी मागितलेली माझ्या माहितीतली ही एकच गोष्ट.

नोकरीची मुलाखत लॅपटॉपवर झाली होती. एजन्सीवाल्यानं आदल्या दिवशीच बजावलं होतं, घरात कुठली भाषा बोलता असं विचारतील, इंग्रजी म्हणायचं. तिकडं मागणी गोऱ्यांना, मग फिलिपिन्सच्या लोकांना, आपला नंबर त्यानंतर. नागसेननं ते सांगितलंच, वर स्वतःची भर घातली. वडील इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, आमच्याकडे जेवतानासुद्धा इंग्रजीच. पलीकडच्या मुख्याध्यापिका वनिदा बाई एवढ्या खूश झाल्या, की त्या न पाहिलेल्या गुरुजींना त्यांनी हात जोडून नमस्कार सांगितला. थायलंडात शिक्षकाला केवढा मान, हे या शहाण्याला तेव्हा कुठं ठाऊक होतं? एखादा कारकून, दुकानदार सांगितला असता तर बाई विसरूनही गेल्या असत्या.

शाळा ईशान्येकडच्या एका लहान गावात होती. भात, ऊस, धूळ, उसाचे ट्रक. सकाळी त्यानं गेटवर उभं राहायचं आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोराला गुड मॉर्निंग म्हणायचं, हीच त्याची पहिली ड्यूटी. पोरं पाठीवरचं दप्तर सावरत हात जोडून वाकायची. वर्गाबाहेर चपला काढायच्या. आत पाऊल टाकलं की पन्नासेक गळे एका दमात ओरडायचे, गुड मॉर्निंग टीचर, आय ॲम फाइन थँक यू अँड यू. यानं अजून कसे आहात विचारलेलं नसायचं. मग उड्या मारून, चित्रं दाखवून, गाणी म्हणून शिकवायचं. एम.ए.ला टीकाशास्त्रात पहिला आलेला हा गृहस्थ दिवसभर माकडाचा, हत्तीचा आवाज काढायचा, आणि हे मला फोनवर एवढ्या आनंदानं सांगायचा की मला खरंच हेवा वाटायचा. दुपारी शिक्षकांबरोबर चिकट भात हातानं खायचा. मुलं त्याला टीचर नाग म्हणायची. त्याचं पूर्ण नाव तिथं एका जुन्या भिक्खूचं म्हणून म्हाताऱ्यांनासुद्धा माहीत, त्यामुळे बाजारात भाजीवाली त्याला मूठभर मिरच्या फुकट द्यायची.

आप्पांना हे सगळं रोज हवं असायचं. "लेकरं वाकून हात जोडत्यात व्हय?" हा प्रश्न त्यांनी माझ्यासमोर त्याला फोनवर कितीदा विचारला असेल. तिकडं लोक बुद्धापुढं लॉटरीचा नंबर मागतात, हे ऐकून त्यांना जरा लागलं. दोन दिवस विचार करून म्हणाले, "असू दे. मानसंच हायती."

एकदा त्यांनी हट्ट धरला, की शाळेची सकाळची प्रार्थना ऐकव. तिथं झेंडावंदनानंतर सगळी शाळा हात जोडून 'नमो तस्स' म्हणते, आप्पांच्या वंदनेतलेच पाली शब्द, उच्चार थोडे वेगळे. नागसेननं मैदानाच्या कडेला उभं राहून फोन धरला. इकडं आटपाडीला आप्पा खाटेवरून उठून उभे राहिले आणि त्या पोरांच्या आवाजात आवाज मिसळून खड्या सुरात म्हणू लागले. भामाबाई, नागसेनची आई, चुलीपासून बाहेर येऊन बघत राहिल्या. नागसेननं कानात इयरफोन घातले होते, त्यामुळे मैदानावर कुणालाच काही ऐकू गेलं नाही. त्या दिवशी आप्पांनी पासपोर्ट काढायचं ठरवलं आणि काढलासुद्धा. मग रुमालात गुंडाळून ट्रंकेत ठेवला आणि "कवा येऊ?" विचारायला लागले.

इथं सगळी अडचण सुरू झाली. डिसेंबरात त्या शाळेत वडिलांचा दिवस असतो. मैदानात खुर्च्यांची रांग मांडतात, मुलांचे वडील येऊन बसतात. शेतकरी असतात, ट्रकवाले असतात. मुलं गुडघ्यांवर बसून त्यांच्या हातात फूल देतात आणि पायाशी डोकं टेकतात. वनिदा बाईंना दरवर्षी वाटायचं, की यंदा टीचर नागच्या वडिलांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवावं आणि एवढ्या मोठ्या शिक्षकानं मुलांना इंग्रजीतून चार शब्द सांगावेत. नागसेन दरवर्षी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचा. एका वर्षी आप्पांचा गुडघा दुखायला लावला, एका वर्षी रक्तदाब वाढवला. इकडं आप्पांना सांगायचा, परीक्षा आहेत, पाऊस आहे, तिकीट महाग आहे. मध्ये कोरोना आला, तेव्हा तर त्याला दोन्हीकडून सुटल्यासारखं झालं. हे त्यानंच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

मी त्याला फोनवर झाडलं होतं. म्हटलं, अरे, खरं सांगून टाक, फार तर काढून टाकतील. तो म्हणाला, "या शाळेत आता नाही सांगता येणार. पुढच्या वर्षी शाळा बदलतो. नव्या ठिकाणी पहिल्या दिवशीच खरं सांगतो, आणि मग आप्पांना घेऊन येतो." पुढचं वर्ष आलं की हेच वाक्य पुन्हा. पोरांचा लळा लागला होता, शाळा सोडवत नव्हती. आप्पांना नाही म्हणवत नव्हतं आणि या म्हणायची छाती होत नव्हती.

एके दिवशी दुपारी तो शाळेतून आप्पांशी व्हिडिओवर बोलत होता. वनिदा बाई मागून आल्या, पडद्यावर म्हातारे गृहस्थ दिसले, त्यांनी ओळखलं आणि खाली वाकून हात जोडले. आप्पा हरखले. दोन्ही हात जोडून म्हणाले, "जय भीम, बाई. आमचं पोरगं कसं हाय?" एवढंच वाक्य, तेही मराठीत. नागसेननं फोन बंद केला. बाईंना म्हणाला नेटवर्क गेलं. संध्याकाळी आप्पांनाही तेच म्हणाला, रेंज गेली होती. आप्पा म्हणाले, "व्हय, गेली असंल." त्यानंतर त्यांनी कवा येऊ हा प्रश्न विचारला नाही. नागसेनला वाटलं, बरं झालं, म्हाताऱ्याची हौस मावळली.

सिमेंटची धूळ आयुष्यभर खाल्लेली छाती होती. दिवाळी झाली, थंडी पडायला लागली आणि आप्पांना श्वास पुरेना. सांगलीत दवाखान्यात ठेवलं. नागसेन निघाला, पण विमानं बदलत, पुण्याहून गाडी करून तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. जलदान विधीच्या दिवशी वंदना दुसऱ्याच कुणी सांगितली. आवाज मागच्या ओळीपर्यंत पोचत नव्हता. नागसेन शेवटपर्यंत खाली मान घालून बसला होता.

तो शाळेत परत गेला तेव्हा वडिलांचा दिवस होऊन गेला होता. सकाळी झेंडावंदनानंतर वनिदा बाईंनी माईकवर थाई भाषेत काहीतरी सांगितलं आणि अख्खी शाळा जमिनीवर बसली. भारतातले एक थोर शिक्षक गेले, त्यांच्यासाठी म्हणू या, असं त्यांनी सांगितल्याचं शेजारच्या शिक्षिकेनं त्याच्या कानात सांगितलं. शेकडो पोरं हात जोडून 'नमो तस्स' म्हणायला लागली. नागसेन तिथंच मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मग बाईंच्या खोलीत जाऊन त्यानं सगळं सांगितलं. वडील शिक्षक नव्हते, गवंडी होते. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. येत होती ती हीच वंदना, दर रविवारी विहारात तीच सांगायचे. हकालपट्टी होणार, हे त्यानं धरूनच चाललं होतं. बाई त्यांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, की दरवर्षी तुम्ही 'कदाचित येतील' म्हणायचा आणि माझी झोप उडायची. एवढे मोठे इंग्रजीचे शिक्षक, त्यांच्याशी मी बोलू काय? मी भाचीकडून भाषण लिहून घ्यायचे, आरशासमोर पाठ करायचे. स्टाफमधले निम्मे त्या दिवशी रजा टाकायच्या तयारीत असायचे. नाही येत म्हणालात की आम्हाला हायसं वाटायचं. "आणि त्यांना हे सगळं म्हणता येत होतं?" बाईंनी पुन्हा विचारलं. "मग घाबरायचं काय होतं? आम्ही त्यांच्या शेजारी बसून म्हटलं असतं."

बाईंनी त्याला काढलं नाही. काढलं असतं तर फार बरं झालं असतं, असं तो म्हणतो. सत्र संपेपर्यंत त्यानं कसंबसं शिकवलं. रोज सकाळी ती प्रार्थना सुरू झाली की तो गेटच्या बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. शेवटी राजीनामा देऊन आला.

तो आला तेव्हा पुण्याहून त्याला मीच गाडीनं आटपाडीला घेऊन गेलो. भामाबाई ओट्यावर सुपात मटकी निवडत होत्या. नागसेन त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि हात-पाय धुवायच्या आधी सगळं सांगून मोकळा झाला. मुलाखतीपासून वनिदा बाईंपर्यंत काहीच ठेवलं नाही. "मला आप्पांची लाज नव्हती वाटत आई," तो म्हणाला, "पण मी वागलो तसाच."

भामाबाईंचा हात मटकीत थांबला नाही. म्हणाल्या, "त्यास्नी ठावं हुतं, बाळा. फोन तुटला त्या दिशीच म्हणाले, पोराला आपली अडचण हुतीया. रातभर जागेच हुते. सकाळी मला म्हणाले, तेला सांगू या, मी तिथं आलो तर तोंडच उघडत न्हाई. मुका हाय म्हणून सांग म्हणावं लोकांस्नी. नुसतं बघून माघारी येतो."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाही, काकू?"

"म्या फोन लावायलाच निगाले हुते. तर म्हणाले, नगं. आपुन हून म्हटलं तर तेच्या जिवाला लागंल. तेनं बोलावलं की मग सांगू." भामाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच मुलाच्या तोंडाकडं नीट बघितलं. तो प्रश्न त्यांच्या मनात बरेच दिवस घोळत असावा. टोचून बोलण्याचा त्यांचा स्वभावच नाही, त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"व्हय रं, मुक्या मानसाला आत घेतलं असतं न्हवं त्यांनी?"

"घेतलं असतं," नागसेन म्हणाला.