वळणावरून दिसतील अशी लायटं

बाबांचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, गॅसवर दूध ठेवून उभी होते. बाबा फोनवर लांबण लावत नाहीत. म्हणाले, "रविवारी येशीन तं गाडीले लावाचे लायटं घेऊन ये. ते पोट्टे लावतात ना, पट्टीचे, थे."

"बाबा, डोकं ठिकाणावर हाय ना?" मी म्हटलं. "कॉलेजातल्या पोट्ट्यायचे शौक हायेत ते."

"हाव, ठिकाणावर हाय. तुह्या आईले दुरूनच समजलं पाह्यजे, का मी येऊन राहिलो म्हून. आवाज याच्या आंधी समजलं पाह्यजे."

दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला, ओटा पुसला आणि "आणीन" म्हणाले. पुढे विचारण्यासारखं काही नव्हतंच.

गाडी माझ्या भावाची. तो माझ्याहून लहान. पावसाळ्याच्या शेवटी तापाने गेला. अमरावतीच्या दवाखान्यात नेला, परत आणला तेव्हा संपलेलं होतं. गाडीचा त्यात काही दोष नाही, तरी गावातले लोक म्हणत होते, विकून टाका. बाबांनी विकली नाही. आमचा फुलांचा मळा आहे, आणि घरातलं माणूस गेलं म्हणून झेंडू फुलायचा थांबत नाही. दुपारी तोडलेली फुलं चांदूर बाजारच्या हारवाल्यांकडे टाकायची आणि दिवेलागणीला परत यायचं, हे भावाचं काम होतं. ते बाबांकडे आलं, आणि कामासोबत गाडीही आली.

भावाची एक सवय होती. फाटकाशी आला की तो गाडीवरून उतरायचाच नाही. बसल्या जागेवरून हात पुढे करायचा. आई गडूभर पाणी घेऊन फाटकापर्यंत जायची, तो गटागटा प्यायचा, उरलेलं तोंडावर मारायचा आणि मग गाडी आत घ्यायचा. "महाराजाले गादीवरच पाणी लागते," असं आई रोज म्हणायची आणि रोज नेऊन द्यायची. बाबांना असं पाणी कधी कोणी नेऊन दिलं नाही. ते शेतातून आले की हौदावर हातपाय धुतात आणि माठातलं पाणी आपल्या हाताने घेतात.

आता तीच गाडी, आणि तिच्या सायलेन्सरचा तोच जरा फाटका आवाज. तो आवाज वळणावरून ऐकू आला की आई हातातलं काम टाकून उठते, गडू भरते आणि फाटकाशी जाते. समोर बाबा असतात. तिचा चेहरा पडतो. बाबा पाणी पितात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सगळ्यांना वाटत होतं की तिच्या ध्यानात राहत नाही. "पाणी पेतो मी," बाबांनी मला एकदा सांगितलं होतं, "पन तिच्या तोंडाकडे पाहवत नाई." आई उठू नये, एवढ्यासाठी ती लायटं हवी होती.

तेव्हा मला काय वाटलं म्हणाल, तर काही नाही. त्या दिवसांत मला काही वाटतच नव्हतं. बाया भेटायला यायच्या, डोळ्यांना पदर लावायच्या, मी त्यांना चहा करून द्यायचे आणि मनात म्हणायचे, कपात साखर कमी पडली वाटतं. राग तेवढा शाबूत होता. तो कोणाचाही यायचा, कधीही यायचा. त्याच्यावरच माझे दिवस निघत होते.

अकोल्याच्या दुकानात गाड्यांची शोभेची लायटं भिंतभर लटकवलेली होती. दुकानदाराने विचारलं, "मुलासाठी का मॅडम?"

"बापासाठी."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याने हसणं आवरलं आणि पुड्या काढल्या. रिमोटवर रंग बदलणारी, गाण्यावर नाचणारी, निळी, लाल, जांभळी. निळी-लाल लावली तर चौकात पोलीस धरतात, हे त्यानेच सांगितलं. मी पिवळी घेतली. आपल्या गावात तशी कोणाच्या गाडीला नसतील एवढंच पाहिजे होतं. साधं बटण द्या म्हटलं, रिमोट नको. बाबांनी रिमोट पहिल्याच दिवशी फुलांच्या पोत्यात घालून हारवाल्याला दिला असता.

रविवारी मी घरी पोचले तेव्हा बाबा फवारणीच्या पंपाने गाडी धूत होते. मळ्यातली काळी माती इंजिनाखाली वाळून दगड झाली होती, ती निघेना म्हणून पंपाची नळी सरळ हेडलाइटच्या मागे घुसवलेली.

"बापा बापा! बाबा, अजी वायरीत पानी चाललं ना!"

"पुसून टाकतो ना. चिल्लावून नको राहू."

मी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकले आहे. अकोल्यात घरबसल्या लोकांचे मिक्सर, पंखे दुरुस्त करते. गाडीचं काम कधी केलं नव्हतं, पण शेवटी वायर ती वायर. दोन तास ऊन देऊन गाडी वाळवली आणि सीट काढली. सीटखाली झेंडूच्या वाळक्या पाकळ्या होत्या. बॅटरीच्या बाजूला, वायरींच्या गुंत्यात, टूलच्या पिशवीत, सगळीकडे. भाऊ मागे पोती बांधायचा, त्यातून गळून गळून साचलेल्या. बोट लावलं की भुगा होत होता.

बाबा वाकून बघत राहिले. मला वाटलं, आता हे रडतील आणि मलाही रडावं लागेल. "फुकून काहाड," बाबा म्हणाले. मी फुंकर मारली. पाकळ्या उडाल्या, थोड्या माझ्या तोंडावर आल्या. मला भूक लागली होती, एवढंच मला तेव्हा जाणवलं.

बॅटरीवरून वायर घेतली, मध्ये फ्यूज बसवला, बटण हँडलला डाव्या हाताशी लावलं. लायटांची पट्टी टाकीखाली चिकटेना, मातीचा थर गेला तरी तेलाचा राहिलाच होता. पेट्रोलचं फडकं फिरवून पुन्हा चिकटवली. एवढं झाल्यावर आईने जेवायला हाक मारली. मी हात धुवायला गेले आणि तेवढ्यात बाबांनी इंजिनाच्या बाजूची पट्टी आपल्या हाताने बांधून टाकली. पोती शिवायच्या सुतळीने, जागोजागी गाठी मारून, मध्ये मध्ये झोळ सोडून. मी जेवून येईपर्यंत त्यांनी गाडी सुरू करूनही पाहिली होती. झोळ सायलेन्सरवर टेकला होता. प्लास्टिक जळाल्याचा वास अंगणभर.

माझं डोकंच फिरलं. "हे का दसऱ्याचं तोरण हाय का बाबा? ढिल्लं काहून बांधलं?"

"ढील ठेवाच लागते वं. ताणून बांधला तं हार तुटते."

आयुष्यभर फुलं ओवणाऱ्या माणसाला काय सांगायचं! हार तुटतो हे खरंच आहे. मी खूप बोलले. हे असंच करता तुम्ही, कोणाचं ऐकत नाही, ताप अंगावर काढू नको म्हणून त्याला सांगायचं होतं ना कोणीतरी, असंही बोलून गेले. पट्टीशी त्याचा काही संबंध नव्हता. बाबा ऐकून घेत होते. मग त्यांनी खिशातून अडकित्ता काढून दिला आणि म्हणाले, "जळाला तेवढा तुकडा काट."

काटला. बाकीची पट्टी ताणून, घट्ट बसवली. बटण दाबलं. भर दुपारच्या उन्हात काही दिसेना, तेव्हा आम्ही दोघांनी वरून पोतं धरलं आणि आत डोकं घालून पाहिलं. टाकीखाली, इंजिनाच्या कडेने, पिवळा उजेड. पोत्याखाली बाबांचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता. किती म्हातारे झाले हे, असं वाटलं.

"हे कायले?" आई मागून आली होती.

"असंच," बाबा पोत्यातून बाहेर येत म्हणाले. "फॅशन."

"माय वं! आता फॅशन सुचून राहिली तुमाले?" आई म्हणाली. पण आत जाऊन ती हळदकुंकू घेऊन आली. गाडीला काही नवीन लागलं की आमच्याकडे हळदकुंकू लागतंच, मग ते टायर असो की आरसा. तिने नव्या बटणाला बोट लावलं, टाकीला लावलं, आणि बोटाला उरलेलं कुंकू सीटला पुसलं.

त्या दिवशी बाबा फुलं घेऊन जरा उशिरानेच निघाले. संध्याकाळी मी आणि आई अंगणात बसून उरलेली फुलं ओवत होतो. आमच्या घरापासून कॅनॉलचं वळण सरळ दिसतं, मध्ये सगळा मळाच आहे. अंधार पडायला लागला होता. माझं लक्ष सुईत कमी आणि वळणावर जास्त होतं. एक गाडी गेली, नुसता हेडलाइट. मग दुसरा उजेड आला, आणि त्याच्याखाली एक पिवळी रेघ जमिनीच्या जवळून सरकायला लागली.

आईने मान वर केली. "तुहे बाबा आले," म्हणाली, आणि सुईत पुढचं फूल घेतलं.

मग आवाज आला. तोच, फाटका. आई उठली नाही.

गाडी फाटकाशी येऊन थांबली. बाबा उतरले नाहीत. लायटं चालूच, आणि ते सीटवर बसून घराकडे पाहत होते. मला आधी वाटलं, बटण सापडत नसेल. मग त्यांनी लायटं बंद केली, उतरले, गाडी ढकलत आत आणली, हौदावर हातपाय धुतले आणि माठातून पाणी घेतलं. माझ्याजवळून जाताना हळूच विचारलं, "उठली नाई ना?"

"नाई."

"बरं झालं."

आम्हाला पाहिजे होतं ते झालं होतं. मला मात्र ती लायटं उपटून विहिरीत टाकावीशी वाटली. भाऊ गेल्याला इतके दिवस झाले, पण रोज संध्याकाळी त्याच्यासाठी गडू भरला जात होता. त्या संध्याकाळी तो भरला गेला नाही. आई ओवत होती, बाबा पाणी पीत होते, आणि तो कुठेच नव्हता. हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. रडू तेव्हाही आलं नाही.

मी सोमवारी निघणार होते, निघाले नाही. अकोल्याला फोन करून सांगितलं, काम राहिलंय.

सोमवारी संध्याकाळी आम्ही दोघी तशाच अंगणात बसलो होतो. वळणावर उजेड आला. नुसता हेडलाइट. पिवळी रेघ नव्हती. दुसऱ्याच कोणाची गाडी असेल म्हणून मी मान खाली घातली, आणि मग आवाज आला.

आई उठली. मांडीवरची फुलं खाली सांडली. तिने गडू भरला, पदराने बूड पुसलं आणि फाटकाकडे गेली. हे सगळं मी ऐकलेलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहत होते. बाबा सीटवर बसून होते. आईने त्यांना पाहिलं आणि तिचा चेहरा पडला, अगदी बाबा म्हणाले होते तसा. मग तिने गडू पुढे केला. बाबांनी बसल्या जागेवरून हात लांब केला आणि सगळं पाणी संपवलं.

"लायटं बंद पडले का?" आईने विचारलं.

"हाव. बंद पडले."

मी ताडकन उठले. दिवसभर वाकून केलेलं काम एका दिवसात बंद पडतं म्हणजे काय! पाणी गेलं असेल पंपाचं, नाहीतर यांनी पुन्हा कुठे सुतळी बांधली असेल. बोलायला तोंड उघडूनच मी फाटकाशी गेले आणि हँडलचं बटण दाबलं.

लायटं लागली. पहिल्याच दाबाला. फाटक, बाबांचे पाय, आईचं लुगडं, सगळं पिवळं झालं.

बाबा माझ्याकडे पाहत होते. चोरी सापडल्यासारखं नाही, विनवणी केल्यासारखं. आईच्या हातात रिकामा गडू होता. तीही बटणाकडे पाहत होती.

मी बटण बंद केलं.

"फ्यूज गेला हाय," मी म्हणाले. "मधातच लागते, मधातच बंद होते. नवा आणा लागंल अकोल्याहून."

आईने गडू उलटा करून उरलेले थेंब झटकले.

"नको आणू," ती म्हणाली. "गाडीचा आवाज येते ना."