"दम धरा" म्हणालो आणि फसलो

मंडळी, आज सकाळी मी इतका हसलो की नात घाबरलीच.

ती धुळ्याला फिजिओथेरपी शिकते. उद्या साक्रीकडच्या खेड्यात लोकांची नाडी मोजायची आहे, म्हणून सूचनांचा कागद मला वाचून दाखवत होती. पहिलंच वाक्य होतं, "बसा, जरा दम धरा."

अहो, १९६९ साली मी पिंपळनेरला हेच बोललो होतो! तेव्हा मी नवखा व्यायामशिक्षक. शेतावरच्या बायामाणसांना बाकावर चढ-उतार करायला लावून नाडी बघायची होती. त्याआधी शांत बसलेली नाडी हवी, म्हणून म्हणालो, "दम धरा." सगळे चिडीचूप. मला वाटलं, वा, काय शिस्त! पण नाड्या भलत्याच यायला लागल्या.

शेवटी एक अक्का फुस्सकन श्वास सोडून म्हणाली, "भाऊ, बठ्ठासनी दम धरेल शे. आते सोडूत का?"

म्हणजे सगळ्यांनी खरोखरच श्वास रोखून धरला होता! मी पार खजील झालो. विचारलं, "मग काय सांगू, अक्का?"

"निवांत बठा, म्हन ना!"

मी कागदावर तेच लिहिलं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून केली. या वेळी नाड्या सरळ आल्या.

नातीनेही आज ती ओळ खोडली. म्हणाली, "आबा, संदर्भात कोणाचं नाव देऊ?"

म्हटलं, "लिही, पिंपळनेरची अक्का."