डांबरवाले व्याही

तुमच्या पॉपना मराठीतला एकच शब्द येत होता, आणि तोही नीट म्हणता येत नव्हता. शब्द होता 'थोडं'. त्यांच्या तोंडून तो 'तोडा' असा यायचा. कोणी भात वाढायला आलं की ते ताटावर दोन्ही हात आडवे धरून म्हणायचे, "तोडा, तोडा!" पहिल्याच दिवशी आपल्या शेजारच्या सुमनकाकूंनी ते ऐकलं, त्यांच्या ताटातली भाकरी उचलली आणि तिचे चार तुकडे करून परत ठेवले. पॉपनी मान लववून आभार मानले. मग काकूंनी रोजच तसं केलं. आठवडाभर हा सहा फुटी माणूस तुकडे केलेली भाकरी खात राहिला. त्याला वाटलं, इकडे पाहुण्याला अशीच वाढतात.

नील आणि मीरा, हे सगळं आज लिहायला बसले ती नीलच्या परवाच्या फोनमुळे. "आजी, आईला सांग ना, डब्यात जवळा देऊ नको. मुलं नाक दाबतात. मला ती काळ्या बरणीवाली सँडविचच पाहिजेत." फोन ठेवल्यावर मला आधी हसू आलं. मग पॉप आठवले. पॉप असते तर नीलला त्यांनी काय सांगितलं असतं ते मला ठाऊक आहे, कारण ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. तुम्हाला पॉप आठवतात ते खिडकीजवळच्या खुर्चीत, गुडघ्यांवर पांघरूण घेतलेले. मला आठवतात ते आपल्या सापगावच्या ओट्यावर मांडी घालायची खटपट करणारे.

तुमच्या आईबाबांचं लग्न आपल्या अंगणात व्हायचं होतं, भर मे महिन्यात. पॉप, म्हणजे तुमच्या आईचे बाबा आणि माझे व्याही, आठ दिवस आधी तुमच्या देशातून एकटेच आले; तुमची आई मागाहून यायची होती. शेतावरचे पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. मान भाजल्यासारखी लाल, हात माझ्या परातीएवढे. सामान म्हणजे एक पिशवी. तिच्यात चार सदरे आणि लोकरी मोज्यात गुंडाळलेली एक बरणी. पिवळं झाकण आणि आत काळंकुट्ट काहीतरी. तुम्हाला सांगायला नकोच.

तुम्ही ती बाळपणापासून खाता, म्हणून पहिल्यांदा वास घेणाऱ्याचं काय होतं ते तुम्हाला कळणार नाही. यीस्टचा तो खारट लेप मी जिभेला लावला आणि मला वाटलं, सोयाबीनच्या सॉसमध्ये कोणीतरी बूट भिजवलाय. पॉप मात्र रोज पहाटे उठून आपल्या बोथट सुरीने तो भाकरीवर लावायचे. इतका पातळ, की भाकरीवरचे डाग खालून दिसावेत. कधी कोणाला आग्रह केला नाही. कोणी तोंड वाकडं केलं तर खूश व्हायचे. "बरं झालं, मला जास्त उरेल," म्हणायचे.

नाव पडलं ते भातसा नदीच्या पुलाकडच्या रस्त्यावर. तिथे डांबरीकरण चाललं होतं आणि माणसं सावलीला न्याहारीला बसली होती. फिरायला गेलेले पॉप त्यांच्यात जाऊन बसले, खिशातून भाकरी काढली, बरणी काढली आणि सुरीने काळा लेप लावायला लागले. मुकादम ओरडला, "ओ बुवा, आमचं डांबर कवा चोरलंत?" पॉपना वाटलं, मागतोय. त्यांनी बरणी पुढे केली. मुकादमाने बोट बुडवून चाटलं आणि म्हणाला, "आमचं बरं हाय." संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात ते 'डांबरवाले व्याही' झाले होते.

मी तेव्हा कशी होते तेही सांगायला हवं. जन्मभर शहापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. पाहुण्यांसाठी यादी केली होती: स्लाइसचा पाव, लोणी, काटेचमचे, टेबलावरचा कापडी रुमाल. यादीत न लिहिलेलं एक काम मी सगळ्यांत आधी उरकलं. मुरबाडच्या बाजारातून पावसाळ्याच्या बेगमीला आणलेल्या सुक्या जवळ्याचा, त्या बारीक वाळक्या कोळंबीचा, डबा सुमनकाकूंच्या माळ्यावर नेऊन ठेवला. कल्याणला शिकत असताना वसतिगृहातल्या मुलींनी माझा जवळ्याचा डबा एकदा खिडकीबाहेर ठेवला होता. तेव्हापासून बाहेरचं माणूस आलं की जवळा घराबाहेर जायचा.

आणि घरात होती आय. माझी सासू, तुमच्या बाबांची आजी. तिने जाहीर केलं होतं, "मी अक्षता टाकायची नाय. त्या पोरीला आपला भात-जवळा गिळंल काय? दोन वर्सांत माझा नातू नुसता पाव खाऊन मरंल." तुमच्या बाबांचं म्हणणं, आयने अक्षता टाकल्या नाहीत तर मी बोहल्यावर चढणार नाही. ती हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. आय तीन दिवस नातवाशी बोलत नव्हती आणि तो जेवत नव्हता.

आयला मशेरीची सवय होती. मशेरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखू, बोटाने दातांना घासायची. वाईट सवय, याहून जास्त विचारू नका. हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी ती ओट्यावर आली. पॉप तांब्या घेऊन मागच्या दारी गेले होते आणि त्यांची बरणी उघडीच होती. आयने आत डोकावलं. काळं, दाट, परदेशचं. बोट थेट पेरापर्यंत बुडवलं आणि दातांवर घासायला सुरुवात केली.

पॉप परत आले तर समोर हे. तांब्या टाकून धावले, "तोडा! तोडा! तोडा!" मी स्वयंपाकघरातून, सुमनकाकू कुंपणापलीकडून, तुमचे बाबा खोलीतून, सगळे ओट्यावर. आयच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, संपलं. उद्याची हळदही नाही आणि परवाचं लग्नही नाही.

आयने चूळ भरली नाही. तिने जीभ टाळूवर फिरवली, पुन्हा फिरवली आणि पॉपकडे बघत म्हणाली, "अरे ही कसली मशेरी? ह्यो तर जवळ्याचा अर्क हाय!"

मग माझ्याकडे वळून, "गो, पावन्याला जवळा दे."

मी म्हटलं, "आय, घरात जवळा नाही."

"घरात नाय ते म्हाईत हाय मला. सुमनच्या माळ्यावर हाय तो आन."

शेजारी उभ्या सुमनकाकू फिसकन हसल्या. मी मान खाली घालून गेले, डबा आणला, कांदा आणि मिरची घालून जवळा परतला. तो वास पाव, लोणी आणि कापडी रुमाल सगळ्यांना पुरून उरला. पॉपनी पहिल्या घासाला थोडंसंच घेतलं, भाकरीला लावून, जसं ते त्यांचं काळं लावायचे तसं. मग वाटी जवळ ओढली. मग मीठ कमी आहे म्हणाले. आय म्हणाली, "बग! मानूस हाय!"

खाऊन झाल्यावर त्यांनी मला एक गोष्ट विचारली. रागाने नाही, पंपाला काय झालंय असं विचारावं तसं. दोन्हीकडचं बोलणं मीच भाषांतर करून सांगत होते. ते मात्र मला सांगवेना.

"काय बोल्ला गो तो?" आयने विचारलं.

"चव आवडली म्हणतात."

"एवढं लांबडं?" आय म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने नातवाला स्वतःच्या हाताने हळद लावली. लग्नात मुठी भरभरून अक्षता टाकल्या. त्यातल्या अर्ध्या पॉपच्या डोक्यावर पडल्या आणि भर मंगलाष्टकांत ते ओरडले, "तोडा!" भटजी थांबले. आय इतकी हसली की तिला धरून बसवावं लागलं.

पुढे तुमचे आईबाबा तिकडे राहायला गेले आणि दर वर्षी बाबांबरोबर आयसाठी एक बरणी यायची. तो पदार्थ बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा असतो, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने दोन बरण्या मागितल्या असत्या. तिने पॉपबरोबर उलट पाठवलेला जवळा मात्र तुमच्या विमानतळावर अडवला गेला. पॉपनी तो स्वतःच पिशवीतून काढून अधिकाऱ्याला दाखवला होता. अधिकाऱ्याने पुडी उघडली, हुंगली आणि हात लांब धरून टोपलीत टाकली. पॉप फोनवर म्हणाले, "मी त्याला म्हटलं, तोडा तरी चाखून बघ."

आय गेली तेव्हा तिच्या मशेरीच्या डबीशेजारी ती बरणी होती, तळाशी बोट फिरवलेली. पॉपना मी फोनवर सांगितलं. पलीकडून सुरी बशीवर ठेवल्याचा आवाज आला. गेल्या वर्षी तेही गेले. त्यांनी शेवटच्या खेपेला आणलेली बरणी माझ्या फडताळात आहे, जवळ्याच्या डब्याला खेटून. दोन्हींवर चिठ्ठ्या आहेत. जवळ्यावर 'जवळा' आणि बरणीवर 'डांबर'.

आता पॉपचं ते बोलणं. तेव्हा आयला सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते. पॉप म्हणाले होते, "घरात रोज खाता ते माझ्यापासून लपवलंत. मी आठ दिवसांचा पाहुणा, माझं काही नाही. पण माझी मुलगी आली की तिच्यापासूनही लपवणार का? मग ती या घरची कधी होणार?"

नील, तुझी आई घरची झाली. म्हणून तर ती तिकडच्या दुकानांतून शोधून जवळा आणते आणि माझ्यापेक्षा खरपूस परतते. तो डबा शाळेत ने. कोणी नाक दाबलं तर तुझी ती काळी सँडविच आणि जवळा शेजारी शेजारी ठेव आणि त्याला डोळे मिटून दोन्ही हुंगायला सांग. नाहीच आवडलं तर पॉपसारखं म्हण, मला जास्त उरेल. आणि एखाद्याने मागितलंच, तर भाकरीला लावून दे.

पण पहिल्यांदा तोडा.