नवसाबाईनं इंजिन खोललं

त्र्यंबकच्या राजू मेकॅनिकनं किक मारली, सायलेन्सरमधून निघालेला निळा धूर बघितला आणि हात झटकले. "मावशी, संपली ही. भंगारात घाला आता."

राजूचं फारसं चुकत नव्हतं. मोटारसायकल शंभर सीसीची, एका मास्तरांकडून घेतलेली. मीटरनं लाखाचा फेरा कधीच पूर्ण करून पुन्हा शून्यापासून सुरुवात केली होती आणि आता दुसरा लाखही संपत आला होता. पण नवसाबाई मौळेला कुणी 'संपलं' म्हटलेलं आवडत नाही. नागलीचं पीक असो, माणूस असो की इंजिन. तिनं ओळखीच्या टेम्पोत गाडी चढवली आणि हरसूलजवळच्या आपल्या पाड्यावर पडवीत आणून उभी केली.

गाडीवाचून तिचं का अडत होतं, ते आधी सांगायला हवं. भाताची कापणी घरच्या म्हाताऱ्या माणसांवर सोपवून पाड्यावरची अठरा माणसं दर ऑक्टोबरात पिंपळगावकडच्या द्राक्षबागांत छाटणीला जातात. टोळीची मुकादम नवसाबाई. टोळी एसटीनं मागून येते, ती मात्र चार दिवस आधी गाडीवर पुढं जाते, बागा फिरते, वेलींवर काड्या किती गर्दीत आहेत ते स्वतःच्या डोळ्यांनी बघते आणि एकरी भाव ठरवते. फोनवर ठरलेला भाव टिकत नाही, हे ती एका वर्षी शिकली होती. अठरा माणसं अंथरूण-भांड्यांसह बांधावर उतरली की बागायतदार खुशाल भाव पाडतो, कारण ती आता कुठं जाणार? आणि एसटी नुसती हायवेवर सोडते. आतल्या बागा पायी फिरायच्या तर दिवसाला एक होते.

यंदा ती अडणार, हे सोमनाथनं बरोबर हेरलं होतं. सोमनाथ म्हणजे पिकअपवाला ठेकेदार. टोळ्या गाडीत भरून नेतो, भाव स्वतः बोलतो आणि मजुरांच्या हातात किती पडायचं तेही स्वतःच ठरवतो. हरसूलच्या बाजारात त्यानं तिला गाठलं.

"मावशी, गाडी गेली म्हणं तुमची. बरं झालं, या वयात कशाला ती दगदग? टोळी माझ्या पिकअपमधी बसवा. भावाचं मी बघतो."

"गेली नाय, घरी हाय," नवसाबाई म्हणाली. "तुझी पिकअप दुसरीकडं फिरव."

बोलून तर बसली. घरी येऊन तिनं पदर खोचला आणि पाने काढले.

वेळ निवडली तीही अशी की शेजारच्या ठमाबाईला बोलल्यावाचून राहवेना. "पितरपाटात कुणी इंजिन खोलतं व्हय? नवं काम धरू नये या दिसांत."

"यात नवं काय हाय?" नवसाबाईनं विचारलं. "सगळं जुनंच हाय की." ठमाबाई तिथंच बसून तमाशा बघत राहिली.

अकरा वर्षं राजूच्या गॅरेजबाहेर बाकड्यावर बसून नवसाबाईनं त्याचे हात बघितले होते. राजू बोलायचा तिच्या नवऱ्याशी, दत्तूशी. दत्तूला गाडी चालवताही येत नाही, तरी पिस्टनची हकिकत ऐकायचा तो आणि मान डोलवायचा तो. नवसाबाई गुपचूप बघायची. त्या बघण्याच्या जोरावर तिनं हेड उतरवलं, पिस्टन आणि तो ज्यात वरखाली होतो तो बोअर बाहेर काढले. क्लचही घसरत होता, म्हणून त्या बाजूचं कव्हर खोललं. बोअर नाशिकला लेथवाल्याकडं नेला, मोठा करून घेतला, त्याच्या मापाचा पिस्टन आणि रिंगा आणल्या. व्हॉल्व्ह घासले, क्लचप्लेटी बदलल्या. इथवर राजूनंही नाव ठेवलं नसतं.

घोटाळा बोल्टांनी केला. नवसाबाईनं चार हंगाम द्राक्षं निवडून भरायच्या पॅकहाऊसमध्ये काढले आहेत. तिथं द्राक्षाचा मणी हातात आला की तो कुठल्या बागेतला हे कुणी विचारत नाही, आकार बघायचा आणि त्या आकाराच्या डबीत टाकायचा. हाताला लागलेलं वळणच ते. क्लचच्या कव्हरचे बोल्ट निघाले तसे तिनं पॅकहाऊसमधल्याच प्लास्टिकच्या डब्यांत लावून ठेवले: लांब एका डबीत, मधले दुसरीत, आखूड तिसरीत. फार सुबक लावले होते. फक्त कुठला बोल्ट कुठल्या भोकातला, याचा पत्ता कुठल्याच डबीवर नव्हता.

तिनं अंदाजानं एक आवळला. तो मध्येच तळाला टेकला आणि कव्हर सैलच राहिलं. आणखी जोर लावला असता तर केसिंगला तडा गेला असता. ती थांबली. दत्तू हळूच म्हणाला, "राजूला फोन लावू का?"

"नको," ती म्हणाली. रडू येत होतं, ते तिनं रागात घातलं. सोमनाथचं ते 'या वयात' कानात खुपत होतं. अठरा माणसांचा हंगाम आपण तीन डब्यांत घालवला, असं तिला वाटलं आणि स्वतःची विलक्षण चीड आली.

मग तिनं बोल्ट न आवळता, पीळ न देता, एकेका भोकात नुसते उभे केले आणि डोळे कव्हरच्या पातळीला आणून बघत बसली. काही फार वर डोकावत होते, काही पार खाली बसले होते. मण्यातला दोन मिलिमीटरचा फरक जी नजरेनं पकडते तिला हे अवघड नव्हतं. वरच्याला काढून खोल भोकात, खालच्याला काढून उथळ भोकात, असं ती अदलाबदल करत राहिली. शेवटी सगळी डोकी एका उंचीला आली. मग तिनं समोरासमोरचे थोडे थोडे करत बोल्ट आवळले. कव्हरच्या सांध्यातल्या पॅकिंगमधून तेलाचा थेंबही आला नाही.

सातव्या किकला गाडी सुरू झाली. सुरुवातीचा धूर दोन-चार मिनिटांत गेला. "आता राजू काय म्हणंल?" दत्तूनं विचारलं. "त्याला कोण विचारतंय," नवसाबाई म्हणाली. पुढचे आठ दिवस ती नवा पिस्टन घासून जागेवर नीट बसावा म्हणून सावकाश घाटवळणं फिरत होती.

पिंपळगावला ती पहिल्यांदा गोरक्षदादांच्या बागेत गेली. सहा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. चहा आला. नवसाबाईनं दोन ओळी फिरून काड्या बघितल्या आणि भाव सांगितला. गोरक्षदादा हसले.

"सोमनाथचा फोन आला होता. त्याचा भाव खाली हाय. म्हणाला, नवसाबाईची टोळी यंदा माझ्याच पिकअपमधी येणार. मग कशाला घासाघीस? शेवटी जाऊन जाऊन कुठं जाणार तुम्ही?"

नवसाबाईनं चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. कप खाली ठेवला, गाडीजवळ गेली आणि एका किकेत सुरू केली.

"अहो, बसा की," गोरक्षदादा उठले. "बोलू ना."

"बोलले की मी. अजून सात बागा बघायच्या हायेत."

दुपारपर्यंत तिनं तीन बागा ठरवल्या, तिच्या भावानं. चौथीच्या फाटकाशी असताना गोरक्षदादांचा फोन आला. सोमनाथकडं द्यायला मोकळी टोळीच नाही, हे तोवर त्यांना कळलं होतं. भाव मान्य होता, आवाजही मऊ झाला होता. परवापासून छाटणी सुरू करता येईल का, असं ते विचारत होते.

"येऊ की दादा," नवसाबाई म्हणाली. "पण तीन बागा तुमच्या आधी लागल्यात. त्या झाल्या की येऊ. तोवर थांबावं लागंल तुमाला."